‘सेंट आयटम्स’मधली आई

सोमवार, सकाळचे नऊ चाळीस. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कशीबशी सुटून खुर्चीत टेकले आणि लॅपटॉप उघडला. न वाचलेले मेल : 212. त्यातले निम्मे ‘थँक्स’ आणि ‘नोटेड’. तुमच्याकडे काही वेगळं असतं, अशी माझी अजिबात समजूत नाही.

त्या सोमवारी मी जो घोळ घातला, तो मात्र खास माझा. आमच्या क्लायंटकडचे एक साहेब आणि माझ्या टीममधली मैत्रीण, दोघांच्या नावांची पहिली चार अक्षरं सारखी. साहेब चौथ्यांदा म्हणाले, लोगो आणखी मोठा करा. माझं डोकं सटकलं. मैत्रिणीला लिहिलं, ‘आता होर्डिंगवर फक्त यांचा लोगोच छापू या, बाकी शहर झाकून टाकू.’ ‘टू’च्या चौकटीत चार अक्षरं टाइप केली, प्रोग्रॅमने तत्परतेने पुढचं नाव भरलं, एंटर, सेंड. मेल गेला थेट साहेबांना.

मग प्रत्येक जण जे करतो तेच मीही केलं. ‘रिकॉल’. आता ऐका, हा रिकॉलचा फंडा आपल्यातल्या बऱ्याच जणांना नीट माहीतच नसतो. आउटलुकमधलं रिकॉल चालतं ते पाठवणारा आणि घेणारा एकाच कंपनीच्या मेल व्यवस्थेत असले तर. बाहेरच्या माणसाचा मेल परत येत नाही. त्याला फक्त दुसरा एक मेल जातो, की अमुक बाईंना आपला आधीचा मेल मागे घ्यायची इच्छा आहे. म्हणजे ज्याने पहिला उघडलाही नसता, तो आता चहा बाजूला ठेवून आधी तोच उघडणार!

दहा मिनिटांनी साहेबांचं उत्तर आलं : ‘ओके. लोगो आहे तेवढाच ठेवा.’ बस्स, एवढंच. नोकरी शाबूत आहे. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी केल्या. नाव भरणाऱ्या यादीत प्रत्येक नावापुढे छोटी फुली असते, ती दाबून नको ती नावं उडवली. आणि एक रूल लावला : ‘सेंड’ दाबल्यावर मेल दोन मिनिटं आउटबॉक्समध्ये थांबेल आणि मगच निघेल. हव्या तेवढ्या मिनिटांचा रूल लावता येतो, 120 पर्यंत. रागावर दोन मिनिटं पुरतात, असा माझा अनुभव आहे.

यावरून आठवलं. ‘युडोरा’ नावाचा एक मेल प्रोग्रॅम होता. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी तो 1988 मध्ये लिहिला. युडोरा वेल्टी या लेखिकेची पोस्ट ऑफिसात राहणाऱ्या बाईवरची एक कथा आहे, तिच्यावरून हे नाव. 2000 च्या सुमारास त्यात एक भन्नाट सोय आली. तुम्ही लिहिलेला मेल कितपत झोंबणारा आहे, हे प्रोग्रॅम तपासायचा आणि त्याप्रमाणे मिरच्या दाखवायचा. एक मिरची, दोन मिरच्या, तीन मिरच्या. थंड डोक्याने लिहिलं असेल तर बर्फाचा तुकडा! पुढे 2006 मध्ये त्याच्या मालकांनी हात काढून घेतला आणि युडोरा मागे पडला. माझ्या मेलला त्याने किती मिरच्या दिल्या असत्या, हे मी आणि मैत्रिणीने दोन दिवस चघळलं.

हे सगळं मी पुढच्या रविवारी कोथरूडला बाबांना रंगवून सांगत होते. बाबा खूप हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘अगं, म्हणजे पाठवलेल्या मेलची कॉपी आपल्याकडे राहते ना? मग आईने मला पाठवलेले मेल कुठे असतील?’

आई 2021 मध्ये गेली. बाबांनी हा प्रश्न चार वर्षं मनात ठेवला होता की तेव्हाच सुचला, मी विचारलं नाही.

थोडं मागे जावं लागेल. बाबा 2003 ते 2009 मस्कतला होते. मी सातवीत होते तेव्हा गेले. फोन महाग, त्यामुळे घरी कॉम्प्युटर आला : पेंटियम फोर, विंडोज एक्सपी, आणि त्यात आयताच आलेला आउटलुक एक्स्प्रेस. तेव्हा इंटरनेट म्हणजे डायल-अप. तो मोडेमचा किंचाळण्याचा आवाज तुमच्यापैकी पस्तिशीच्या मंडळींना आठवत असेल. नेट चालू तोवर घरचा फोन एंगेज आणि कॉलचं मीटर पळतंय. म्हणून आई मेल ऑफलाइन लिहायची. दुपारी निवांत बसून, दोन बोटांनी. रात्री जेवणं झाली की कनेक्ट करायचं, ‘सेंड-रिसीव्ह’ दाबायचं, आतले आत, बाहेरचे बाहेर, की लाइन कट. पाठवून-आणून झालं की फोन आपोआप ठेवून दे, अशी सोयच होती त्या प्रोग्रॅममध्ये. ती कोणासाठी केली असेल, हे आज वायफायवर वाढलेल्या मुलांना समजावणं कठीण आहे.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. आईचे मेल तीन ठिकाणी असू शकले असते. एक, बाबांच्या मस्कतच्या ऑफिसचं खातं. ते बाबांनी नोकरी सोडली त्या दिवशीच बंद झालं. (तुमचंही होईल. ऑफिसच्या इनबॉक्समध्ये ठेवलेलं काहीही आपलं नसतं, हे लक्षात असू द्या.) दोन, आपल्या मेल कंपनीचा सर्व्हर. तिथे काही नाही. कारण तेव्हा आमचं खातं पीओपी पद्धतीचं होतं. पीओपी म्हणजे कसं, तर पोस्टमनने पत्र तुमच्या हातात दिलं की पोस्टात काही उरत नाही. आलेल्या मेलची एक प्रत सर्व्हरवरही ठेव, असं सांगायची सोय होती, पण जागाच एवढीशी मिळायची की कोण ठेवणार? हॉटमेल सुरुवातीला फक्त 2 एमबी द्यायचं. जीमेलने 1 एप्रिल 2004 ला 1 जीबी देऊ केली, तेव्हा लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं. आणि पाठवलेल्या मेलचं तर पीओपीला काही देणंघेणंच नव्हतं. आज आपण वापरतो त्या आयमॅप पद्धतीत पाठवलेल्याचीही प्रत सर्व्हरवर राहते, फोनवर दिसते, लॅपटॉपवर दिसते. तेव्हा ती फक्त एका जागी राहायची : जिथून पाठवलं त्या कॉम्प्युटरच्या ‘सेंट आयटम्स’मध्ये.

तो कॉम्प्युटर माळ्यावर होता. आईने जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला. 2011 पासून मी किमान पाच वेळा ‘भंगारात देऊ या’ म्हटलं असेन. आई म्हणायची, ‘खातोय का तो काही?’

माळ्यावरून उतरवला, पुसला, चालू केला. ढिम्म. तपकीर गल्लीत घेऊन गेले. तिथल्या काकांनी झाकण उघडलं, आत बघून ‘हा तर म्युझियमचा’ म्हणाले, आणि अर्ध्या तासात सांगितलं की एसएमपीएस गेलाय आणि मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. दोन्ही बदललं. हार्ड डिस्क? ‘घरघरतेय. पण बोलतेय. आधी कॉपी काढा, मग बाकीच्या गप्पा,’ काका म्हणाले. इंटरनेटला जोडू नका, हेही बजावलं. एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल 2014 मध्येच थांबलेत.

घरी आलो. हिरवं माळरान, निळं आभाळ, एक्सपीचा तो वॉलपेपर. बाबा खुर्ची ओढून शेजारी. आउटलुक एक्स्प्रेस उघडला, सेंट आयटम्सवर क्लिक केलं.

611 मेल. प्रत्येकाचा विषय एकच : ‘अहो’.

तारखा वेगळ्या, विषय 611 वेळा ‘अहो’. तोही रोमन अक्षरांत. मी हसायला लागले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, ‘उघड एखादा.’

उघडला, तर आत कचरा. रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस, टक्क्याची चिन्हं, सगळं एकमेकांत घुसलेलं. मला वाटलं फाइल खराब झाली. पण बाबा म्हणाले, ‘फॉन्ट. तिचा तो शिवाजी फॉन्ट.’

युनिकोडच्या आधी मराठी टाइप करायचं म्हणजे एक प्रकारची फसवाफसवी होती. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तुम्ही इंग्रजी अक्षरंच लिहायचात. फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी क, काना, मात्रा अशी चित्रं दाखवायचा. शिवाजी, किरण आणि असे कितीतरी. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर अगम्य. म्हणूनच विषयाच्या ओळीत आईला मराठी लिहिता यायचं नाही, तिथे फॉन्ट लागायचाच नाही. बाबांना पहिला मेल गेला तेव्हा त्यांनी परत विचारलं होतं, ‘हे काय, शिव्या आहेत का?’ मग आईने फॉन्टची फाइल जोडून पाठवली. तेवढ्या एका जोडफाइलला डायल-अपवर किती वेळ लागला होता, हे मला आठवतंय, कारण मला मैत्रिणीचा फोन यायचा होता.

हा फॉन्ट कॉम्प्युटरवरून केव्हातरी उडाला होता. कदाचित मीच उडवला असेन. तो पुन्हा मिळवला, टाकला, मेल परत उघडला. आणि आई दिसायला लागली.

‘अहो, गॅस आज लावला. दुधवाला पंधरा दिवस गावाला, तोवर पिशवीचं. हिला गणितात 61. तुम्ही काही बोलू नका, मी बोलले आहे.’

मंडळी, मी बोलण्याच्या स्थितीत नव्हते. बाबाच म्हणाले, ‘पहिलं कॉपीचं बघ. काका काय म्हणाले?’

आता सगळ्यात टेन्शनचा भाग. आउटलुक एक्स्प्रेस प्रत्येक फोल्डरसाठी एक डीबीएक्स फाइल करतो. 611 मेल म्हणजे 611 फाइली नव्हेत. सगळं एकाच पोत्यात. पोत्याची शिवण उसवली की सगळंच गेलं. शिवाय ही फाइल कुठे ठेवलेली असते? लपवलेल्या फोल्डरमध्ये, त्याच्या आत आणखी फोल्डर, मध्येच एक कंसातला लांबलचक आकडा, आणि मग कुठेतरी तळाशी. सामान्य माणसाने तिथे पोचूच नये अशी व्यवस्था. ‘माय डॉक्युमेंट्स’ची सीडी काढून ‘बॅकअप झाला’ म्हणणाऱ्या किती जणांचे मेल याच कारणाने गेले असतील, कोण जाणे. मी तिथवर पोचले, सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. मग दुसरी खबरदारी : प्रोग्रॅममध्ये सगळे मेल सिलेक्ट करून सरळ माउसने ओढले आणि डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये टाकले. असं केलं की प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल होते आणि ती आजचे प्रोग्रॅमही उघडतात. ही युक्ती माहीत नसती तर मी डीबीएक्सवाल्या सॉफ्टवेअरना पैसे देत बसले असते.

बंद करताना स्क्रीनवर चौकट आली : जागा मोकळी करण्यासाठी मेल ‘कॉम्पॅक्ट’ करू का? ओके की कॅन्सल? ही चौकट मला लहानपणापासून ओळखीची. आउटलुक एक्स्प्रेस शंभर वेळा बंद केला की ती यायची. कॉम्पॅक्ट म्हणजे पोतं रिकामं करून फक्त हवं तेवढंच पुन्हा भरणं. मध्येच लाइट गेली की वांधे. घरघरणाऱ्या डिस्कवर तर नकोच नको. मी कॅन्सल दाबलं. बाबा म्हणाले, ‘तीसुद्धा कॅन्सलच दाबायची. मीच सांगून ठेवलं होतं, कळत नाही त्याला ओके म्हणायचं नाही.’

हे वाक्य पुढे महागात पडणार होतं, किंवा स्वस्तात. अजून ठरलेलं नाही. सांगते.

आता बाबांना रोज वाचता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यांच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकला. फुकट आहे, 2004 मध्ये पहिली आवृत्ती आली, आणि 2012 मध्ये मोझिलाने त्यावरचं लक्ष कमी केलं तेव्हा सगळ्यांनी त्याचं तेरावं घातलं होतं. पण तो टिकला. 2024 मध्ये तर त्याचं अँड्रॉइड अॅपही आलं. एका जोडप्रोग्रॅमच्या मदतीने 611 फाइली ‘लोकल फोल्डर्स’मध्ये एका झटक्यात आल्या. हे फोल्डर फक्त त्या लॅपटॉपवर राहतात, कुठल्याही सर्व्हरवर जात नाहीत. म्हणजे जपायचंही आपणच. प्रोफाइलचा फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवला की झाला बॅकअप. दर महिन्याला मी ते करते. कोणी करून देणार नाही.

सगळं गोड होतं असं समजू नका. पहिल्या दिवशी सगळे मेल पुन्हा कचरा दिसले, कारण मीच आधी मेल ‘साध्या’ स्वरूपात दाखवायची सेटिंग लावली होती आणि त्यात फॉन्टच गळून पडतो. ते बदललं. मग अक्षर बारीक. ते वाढवलं. बाबांचं जीमेलही त्यातच आणायचं म्हटलं, तर नुसता पासवर्ड टाकून भागत नाही. 2022 पासून गूगल स्वतःची खिडकी उघडून तिथेच लॉग-इन करायला लावतं. बाबांना वाटलं कोणी फसवतंय, त्यांनी ती खिडकी तीनदा बंद केली.

आणि सर्च! डेस्कटॉप प्रोग्रॅमचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे नेट नसताना सर्च. इथे तेच गंडलं. बाबांनी शोधलं ‘गॅस’, उत्तर शून्य. ‘गणपती’, शून्य. अर्थात! आईने ‘गॅस’ कधी लिहिलाच नाही. तिने इंग्रजी किल्ल्या दाबल्या, ‘गॅस’ नुसता दिसतो. विषय सगळे ‘अहो’, त्यामुळे तिथूनही काही हाती लागत नाही. शेवटी मी आईच्या कीबोर्डचा जुना तक्ता शोधला आणि सर्चच्या चौकटीत त्याच किल्ल्या दाबल्या. चौकटीत अगम्य काहीतरी उमटलं आणि खाली 43 मेल आले. सगळे गॅसचे. बाबांनी तो तक्ता प्रिंट करून लॅपटॉपशेजारी ठेवलाय. हल्ली ते आईच्या भाषेत शोधतात.

एक सोय मात्र मला जाम आवडली. मेलमध्ये ‘अॅटॅच’ वगैरे शब्द असले आणि काही जोडलं नसलं, तर थंडरबर्ड पाठवण्याआधी विचारतो. त्या शब्दांच्या यादीत आपले शब्द घालता येतात. मी रोमनमधलं ‘सोबत’ घातलं, कारण आम्ही ऑफिसात मराठी तसंच लिहितो. तेव्हापासून मी कोणाला ‘उद्या सोबत जेवू या का’ लिहिलं की तो विचारतो, जोडायचं राहिलं का?

आता ते कॅन्सलचं. पेनड्राइव्हवरच्या फाइली चाळताना मला ‘डिलिटेड आयटम्स’ची फाइल दिसली. प्रोग्रॅममध्ये तो फोल्डर रिकामा होता, आईने साफ केलेला. पण फाइलचा आकार चार एमबी. या प्रकारच्या फाइलमध्ये तुम्ही मेल उडवता तेव्हा तो यादीतून जातो. मजकूर पोत्यात तसाच पडून असतो, कॉम्पॅक्ट करेपर्यंत. आणि आईने कॉम्पॅक्ट कधी केलंच नाही. म्हणजे तिने लिहून, वाचून, पुसून टाकलेलं काहीतरी तिथे आहे. ते बाहेर काढणारे प्रोग्रॅम मिळतात, फार महागही नसतात.

मी दोन दिवस गप्प होते. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. मग बाबांना सांगितलं. ते बराच वेळ थंडरबर्डची खिडकी वरखाली करत राहिले.

‘तिने पुसलेत ना?’

‘हो.’

‘मग राहू देत.’

मी म्हटलं, फाइलही उडवू का? त्यावर ते काही बोलले नाहीत. पेनड्राइव्ह सध्या माझ्या कपाटात आहे.

बाबा दर शुक्रवारी एक मेल वाचतात. मस्कतला तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, आईचे मेल ते शुक्रवारी निवांत वाचायचे, म्हणून. परवा वाचून मला फोन केला. आवाज चढलेला. ‘अगं, 2005 च्या जुलैमध्ये ती लिहितेय, विम्याच्या हप्त्याचे पैसे पोचले नाहीत. मी पाठवले होते! पावती आहे माझ्याकडे. थांब, शोधतो.’